तान्ह्या बाळाचे चोंदलेले नाक आणि खोकला: घरी काय करावे, काय टाळावे आणि डॉक्टरांकडे कधी जावे

बाळाला पहिली सर्दी झाली की घरात सल्ल्यांची रीघ लागते. कोणी वाफ सुचवते, कोणी मलम, तर कोणी मोठ्या भावंडाच्या वेळचे उरलेले औषध कपाटातून काढून देते. यातले बहुतेक उपाय मोठ्यांच्या सर्दीवर बेतलेले असतात आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत त्यातले काही निरुपयोगी, तर काही सरळ धोक्याचे ठरतात. बाळाच्या सर्दीची काही आवर्तने काढल्यानंतर जे कामाला आले आणि बालरोगतज्ज्ञांनी जे पुन्हा पुन्हा बजावले, ते पहिल्यांदाच आई-बाबा झालेल्यांसाठी येथे क्रमाने मांडत आहे. हा लेख १ वर्षाच्या आतील, एरवी निरोगी असलेल्या बाळांसाठी आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, किंवा ते ३ महिन्यांपेक्षा लहान असेल, तर साध्या सर्दीतही आधी डॉक्टरांशी बोलावे आणि मगच यातले काही करावे.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घेतली की पुढचे सगळे सोपे जाते. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते; नाक बंद झाले म्हणून तोंडाने श्वास घेणे त्याला आपल्याइतके सहज जमत नाही. त्यामुळे चोंदलेल्या नाकाचा फटका थेट दुधाला आणि झोपेला बसतो. दूध पिता पिता श्वास घेता येईना की बाळ तोंड सोडते, चिडते, रडते आणि रडल्यामुळे नाक आणखी भरते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिला बरे करणारे औषध नाही. ती आपल्या गतीनेच जाते. तेव्हा घरी करण्याजोगी कामे दोनच उरतात: बाळाला पिता आणि झोपता येईल इतपत नाक मोकळे ठेवणे, आणि प्रकरण घरच्या आवाक्याबाहेर जात आहे का, यावर लक्ष ठेवणे. यांतले दुसरे काम अधिक महत्त्वाचे असल्यामुळे त्यापासूनच सुरुवात करू.

१. हा त्रास घरी सांभाळण्यासारखा आहे का, हे आधी ठरवा

बाळाचा श्वास मोजायला शिका. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, फक्त सेकंद दाखवणारे घड्याळ लागते. बाळ झोपलेले किंवा शांत असताना त्याचा कपडा वर करून छाती आणि पोट उघडे करावे. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजावे. १५ सेकंद मोजून चौपट करण्याचा मोह टाळावा, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच एका लयीत चालत नाही. काही श्वास भराभर, मग काही सेकंदांचा थांबा, मग पुन्हा भराभर, असे लहान बाळांत नेहमीच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे २ महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, आणि २ ते १२ महिन्यांच्या बाळात ५० किंवा त्याहून अधिक श्वास असतील, तर तो जलद श्वास समजला जातो. आकडा जास्त आला तर नाक साफ करून, बाळ शांत झाल्यावर लगेच पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तर त्याच दिवशी, त्याच वेळी डॉक्टरांना दाखवावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

श्वास मोजताना छातीकडेही नीट पाहावे. बाळ श्वास आत घेत असताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची जागा आत ओढली जात असेल, तर श्वास घेण्यासाठी त्याला कष्ट पडत आहेत, असा त्याचा अर्थ. नाकातली घरघर कितीही मोठी असली तरी ती कानाला जाणवते तितकी गंभीर नसते. आत ओढल्या जाणाऱ्या छातीला मात्र आवाज नसतो, म्हणून ती नजरेने शोधावी लागते.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपाय बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे:

- ओठ, जीभ किंवा चेहरा निळसर, करडा अथवा पांढराफटक पडणे.
- श्वास १० सेकंदांहून अधिक काळ थांबणे, किंवा असे थांबे वारंवार येणे.
- प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येणे, नाकपुड्या फुलणे किंवा छाती आत ओढली जाणे.
- बाळ मलूल पडणे, उठवूनही नीट जागे न होणे, नजर न देणे.
- दूध पिणे बंद होणे, किंवा नेहमीच्या निम्म्याहूनही कमी होणे.
- ८ तासांत एकदाही लघवी न होणे, रडताना तोंड कोरडे दिसणे किंवा टाळू खोल गेलेली जाणवणे.
- खोकल्याची उबळ थांबता न थांबणे, उबळीत चेहरा लाल किंवा निळा पडणे.

तापाचा नियम वयावर अवलंबून असतो. ३ महिन्यांपेक्षा लहान बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर ते वरकरणी कितीही ठीक वाटले तरी लगेच दाखवावे. इतक्या लहान वयात गंभीर जंतुसंसर्गाची सुरुवातही केवळ तापानेच होऊ शकते. ३ ते ६ महिन्यांच्या बाळाला ३९ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप असेल तरीही डॉक्टरांना गाठावे.

याच्या उलट टोकाची एक गोष्टही नवख्या पालकांना ठाऊक असावी. पहिल्या काही आठवड्यांत अनेक बाळांचे नाक सर्दी नसतानाही घरघरते आणि ती दिवसातून बऱ्याचदा शिंकतात. नाकपुड्या अरुंद असतात आणि शिंक हीच त्यांची नाक साफ करण्याची पद्धत असते. बाळ व्यवस्थित पीत असेल, झोपत असेल आणि त्याला ताप नसेल, तर अशा घरघरीला उपचारांची गरज नसते. शांत असताना निळसर पडणारे आणि रडू लागताच सुधारणारे नवजात बाळ मात्र ताबडतोब दाखवावे, कारण नाकाच्या मागचा मार्ग जन्मतःच बंद असण्याचे ते लक्षण असू शकते.

२. लागणारे सामान एका जागी ठेवा

रात्री दोन वाजता रडणारे बाळ कडेवर घेऊन ड्रॉपर शोधणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. पुढील वस्तू एका डब्यात तयार ठेवाव्यात:

- नाकात घालण्याचे सलाईनचे थेंब: लेबलवर ‘सोडियम क्लोराइड ०.९ टक्के’ असे लिहिलेले आणि बाळांसाठी चालणारे.
- नाकातील शेंबूड ओढण्याचे साधन: रबरी फुगा किंवा गाळणी असलेली नळी.
- डिजिटल थर्मामीटर. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर वापरू नये.
- मऊ सुती कपडे किंवा टिश्यू.
- नाकाबाहेरच्या त्वचेला लावण्यासाठी थोडी पेट्रोलियम जेली.
- डॉक्टरांनी लिहून दिलेले पॅरासिटामॉल, त्याचेच माप आणि बाळाचे अलीकडचे वजन लिहिलेला कागद.
- वही आणि पेन.

३. नाक मोकळे करा: आधी थेंब, मग गरज पडली तरच फुगा

येथे सर्वांत मोठा सापळा दुकानातच असतो. सलाईनचे थेंब आणि नाकाची सूज उतरवणारे औषधी थेंब यांच्या बाटल्या सारख्याच दिसतात आणि दोन्हींना ‘नाकाचे थेंब’ असेच म्हटले जाते. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब तान्ह्या बाळासाठी डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय वापरू नयेत. ते रक्तात शोषले जाऊन बाळाला गुंगी येणे, श्वास मंदावणे किंवा हृदयाची गती बिघडणे असे परिणाम होऊ शकतात. दुकानदाराने हातात दिलेली बाटली घेऊन निघण्यापूर्वी तिच्यावरील घटक वाचावेत आणि सोडियम क्लोराइड व पाणी यांखेरीज एखादे अनोळखी औषध दिसले तर ती परत करावी.

मिठाचे पाणी घरीच का करू नये, असा प्रश्न साहजिक आहे. ०.९ टक्के म्हणजे १०० मिलीलीटर पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ. इतके मीठ चमच्याने नेमके मोजता येत नाही, आणि प्रमाण वाढले की ते पाणी नाकात झोंबते. शिवाय घरचे पाणी निर्जंतुक राहील याची खात्री देता येत नाही. तयार थेंब महाग नसतात, त्यामुळे हा खटाटोप करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

प्रत्यक्ष कृती अशी करावी:

पहिल्यांदा हात साबणाने धुवावेत आणि बाटली काही वेळ मुठीत धरून ठेवावी, म्हणजे थेंब थंडगार लागत नाहीत. बाळाला उताणे निजवावे, हात हलकेच कापडात गुंडाळावेत किंवा दुसऱ्या कोणाला धरायला सांगावेत. हनुवटी किंचित वर करून प्रत्येक नाकपुडीत २ ते ३ थेंब सोडावेत. बाटलीचे टोक नाकाला लागू देऊ नये, कारण एकदा ते लागले की नाकातले जंतू बाटलीत जातात. याच कारणाने एका बाळाची बाटली दुसऱ्याला वापरू नये, आणि उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहून ठेवावी.

मग थांबावे. बहुतेक जण नेमके येथेच घाई करतात. वाळलेला शेंबूड मऊ होऊन सुटायला अर्धा ते एक मिनिट लागतो. तेवढ्या वेळात बाळ शिंकते, तोंड वेडेवाकडे करते, थोडे रडते, आणि पुष्कळदा शेंबूड आपोआप बाहेर येतो किंवा घशात जाऊन गिळला जातो. गिळला गेला तरी काही बिघडत नाही. नाकाच्या तोंडाशी आलेले मऊ कापडाने टिपून घ्यावे. इतक्याने श्वास मोकळा झाला असेल, तर फुग्याला हातही लावू नये.

अजूनही नाक बंद वाटत असेल, तर रबरी फुगा वापरावा. फुगा नाकापासून दूर असतानाच दाबून त्यातली हवा काढावी, दाबलेल्या अवस्थेतच टोक नाकपुडीच्या तोंडाशी जेमतेम आत ठेवावे आणि मग बोटे हळूहळू सैल करावीत. फुगा नाकात घातल्यानंतर दाबला तर हवेचा झोत शेंबडाला आणखी आत ढकलतो, हे ध्यानात ठेवावे. टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे वळवू नये. तेथील त्वचा अतिशय नाजूक असते. बाहेर काढल्यावर फुगा टिश्यूवर दाबून रिकामा करावा आणि मग दुसऱ्या नाकपुडीकडे वळावे. तोंडाने ओढण्याची नळी वापरत असाल, तर तिची गाळणी प्रत्येक वेळी बदलावी आणि हलकेच ओढावे. जोर लावल्याने काम लवकर होत नाही.

दिवसातून ३ ते ४ वेळांपेक्षा अधिक ओढू नये. वारंवार ओढल्याने नाकाच्या आतली त्वचा सुजते आणि मग नाक शेंबडाने कमी व सुजेने जास्त बंद होते. अशा वेळी पालक आणखी ओढत राहतात आणि दुष्टचक्र सुरू होते. शेंबडात रक्ताची रेघ दिसली तर एक-दोन दिवस फक्त थेंबांवर भागवावे. कान साफ करण्याच्या काड्या, कापसाच्या वाती किंवा बोट नाकपुडीत घालू नये.

हे सगळे दूध पाजण्याच्या १५ ते २० मिनिटे आधी आणि झोपण्यापूर्वी करावे. दूध पाजून लगेच नाक साफ केले तर बाळाला ओकारी येते आणि पोटात गेलेले सगळे दूध बाहेर पडते. तासाभरात नाक पुन्हा भरेल, त्याने निराश होऊ नये. ते एकदा दूध पिऊन होण्यापुरते मोकळे झाले, तरी काम झाले.

वापर झाल्यावर फुग्यात कोमट साबणाचे पाणी ओढून घ्यावे, हलवून बाहेर टाकावे, साध्या पाण्याने दोन-तीनदा तसेच करावे आणि तोंड खाली करून वाळवावा. बंद फुग्याच्या आत बुरशी वाढलेली बाहेरून दिसत नाही, म्हणून उघडून धुता येणारा प्रकार मिळाल्यास तोच घ्यावा.

४. दूध थोडे थोडे, पण अधिक वेळा द्या

सर्दीत बाळ एका वेळी कमी पिते, कारण त्याला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो. त्यामुळे वेळापत्रक काही दिवस विसरून कमी अंतराने पाजावे. पाजताना बाळाचे डोके नेहमीपेक्षा थोडे उंच धरल्यास त्याला सोपे जाते. दूध हेच त्याचे पाणी आणि तेच शेंबूड पातळ ठेवणारे औषध; ६ महिन्यांखालील बाळाला वरून पाणी पाजू नये, कारण त्याने दुधाची भूक मरते आणि रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडू शकते. पावडरचे दूध पातळ करून देणेही त्याच कारणाने टाळावे. ६ महिन्यांवरील बाळाने सर्दीत घन आहार नाकारला तर आग्रह करू नये. दूध चालू असणे पुरेसे असते.

आईलाच सर्दी झाली असेल, तरी अंगावर पाजणे थांबवण्याचे कारण नाही. तिच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे दुधातून बाळाला मिळतात. पाजण्यापूर्वी हात धुवावेत आणि तोंडावर मास्क लावावा, इतकेच.

दूध किती गेले हे अंगावर पिणाऱ्या बाळात मोजता येत नाही, म्हणून ओले लंगोट किंवा डायपर मोजावेत. लघवीची संख्या नेहमीच्या निम्म्यावर आली की डॉक्टरांना फोन करावा.

५. खोली आणि झोप

हवा फार कोरडी असेल, तर थंड धुके सोडणारा ह्युमिडिफायर उपयोगी पडतो. त्यातले पाणी रोज बदलावे आणि टाकी घासून वाळवावी, नाहीतर तो बुरशी आणि जंतू खोलीभर पसरवतो. गरम वाफेचे भांडे बाळाजवळ आणूच नये. वाफेने सर्दी लवकर बरी होते याला चांगला पुरावा नाही. भाजण्याचे अपघात मात्र प्रत्यक्षात होतात, आणि तान्ह्या बाळाची त्वचा क्षणात भाजते. तंबाखूचा, उदबत्तीचा किंवा डास पळवणाऱ्या कॉइलचा, कोणताही धूर खोलीत नको. बाहेर जाऊन ओढलेल्या सिगारेटचे कणही कपड्यांवरून बाळाच्या श्वासात जातात.

झोपेच्या बाबतीत फार प्रचलित असलेला एक सल्ला धोक्याचा आहे: गादीखाली उशी ठेवून डोके उंच करणे. उतारावर झोपलेले बाळ खाली घसरते, त्याची मान पुढे दुमडते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. सर्दी असो वा नसो, बाळाला सपाट, कडक गादीवर, उताणे आणि उशी, पांघरुणांचा ढीग किंवा खेळणी यांशिवाय झोपवावे. त्याला उभे धरल्याने बरे वाटत असेल, तर जागे असताना हवे तितके खांद्यावर धरावे, पण धरणाऱ्याला डुलकी लागत असेल तर बाळ त्याच्या जागी ठेवावे. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोपणे हा गुदमरण्याचा मोठा धोका आहे, आणि सर्दीच्या रात्री थकलेले पालक नेमके तेच करून बसतात.

६. खोकल्याला दाबण्याचा प्रयत्न करू नका

सर्दीतला बहुतेक खोकला नाकातून घशात उतरणाऱ्या शेंबडामुळे येतो, म्हणून तो आडवे झोपल्यावर वाढतो. तो खोकला श्वासमार्ग साफ करत असतो. नाक साफ ठेवणे आणि दूध देत राहणे हाच त्यावरचा उपाय. खोकताना शेंबडासकट दुधाची एखादी उलटी झाली तर घाबरू नये. प्रत्येक दुधानंतर उलटी होत असेल तर मात्र दाखवावे.

खोकल्याचे औषध तान्ह्या बाळाला डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज देऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्येच २ वर्षांखालील मुलांना दुकानातून थेट मिळणारी सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे स्पष्ट केले, कारण त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि झटके, हृदयाचे ठोके वाढणे, बेशुद्धी असे गंभीर परिणाम नोंदले गेले आहेत. त्यात भेसळीचा धोका वेगळा: डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल ही विषारी द्रव्ये आढळलेल्या लहान मुलांच्या पातळ औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून वेळोवेळी इशारे दिले आहेत.

खोकल्याचा आवाज ऐकून काही गोष्टी ओळखता येतात. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा घोगरा खोकला आणि श्वास आत घेताना येणारा कर्कश आवाज क्रुपमध्ये, म्हणजे स्वरयंत्राजवळच्या सुजेमध्ये, असतो. त्याला त्याच दिवशी उपचार हवेत. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज आणि धाप ब्राँकिओलायटिसमध्ये, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांच्या सुजेमध्ये, दिसते, जो बहुतेकदा आरएसव्ही या विषाणूमुळे होतो आणि साधारण ३ ते ५ व्या दिवशी सर्वाधिक त्रास देतो. डांग्या खोकला सर्वांत फसवा. मोठ्या मुलांत उबळीनंतर येणारा ‘हूप’ हा आवाज अगदी लहान बाळांत नसतोच. त्यांच्यात खोकला नाममात्र आणि श्वासाचे थांबे जास्त, असेही होते.

मधाबद्दल घरातील वडीलधाऱ्यांशी वाद होण्याची शक्यता असते, म्हणून कारण माहीत असलेले बरे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, पण १ वर्षाखालील बाळाच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे करणारे विष तयार करतात. मध शुद्ध असण्याने किंवा तो बोटभरच चाटवण्याने हा धोका जात नाही. औषध मधातून देणे हेसुद्धा मध देणेच आहे.

७. तापाचे औषध मापाने आणि बाळाच्या वजनाप्रमाणे

तापाचा आकडा उतरवण्यासाठी औषध द्यायचे नसते. बाळ बेचैन असेल, पीत नसेल तर द्यायचे असते. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते: दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलीग्रॅम, दोन मात्रांत ४ ते ६ तासांचे अंतर, आणि २४ तासांत ४ पेक्षा अधिक मात्रा नाहीत. ३ महिन्यांखालील बाळाला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ते देऊ नये.

घोटाळा होतो तो बाटलीमुळे. थेंबांच्या बाटलीत १ मिलीलीटरमध्ये १०० मिलीग्रॅम औषध असू शकते, तर पातळ औषधाच्या बाटलीत ५ मिलीलीटरमध्ये १२० मिलीग्रॅम. ६ किलोच्या बाळाला ६० ते ९० मिलीग्रॅम लागते, म्हणजे पहिल्या बाटलीतून ०.६ ते ०.९ मिलीलीटर, तर दुसरीतून २.५ ते ३.७५ मिलीलीटर. ‘अडीच मिली दे’ असे तोंडी सांगितले गेले आणि हातात थेंबांची बाटली आली, तर एकाच वेळी २५० मिलीग्रॅम पोटात जाते. म्हणून डॉक्टरांकडून मात्रा मिलीग्रॅममध्ये लिहून घ्यावी, बाटलीवरील प्रमाण त्यांनाच दाखवावे आणि बाटलीसोबत आलेल्या मापानेच औषध द्यावे. सर्दीच्या मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही दिल्यास मात्रा नकळत दुप्पट होते.

ॲस्पिरिन लहान मुलांना देऊ नये. त्याचा संबंध मेंदू आणि यकृताला इजा करणाऱ्या राय सिंड्रोमशी आहे. आयबुप्रोफेन ६ महिन्यांखाली डॉक्टरांच्या सल्ल्याविना नको. उरलेले अँटिबायोटिक तर मुळीच नको: विषाणूंवर त्याचा परिणाम होत नाही. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणून जिवाणूंचा संसर्ग झाला असेही नसते. साध्या सर्दीतही तो काही दिवसांनी घट्ट होऊन रंग बदलतोच.

८. नाकात तेल नको, छातीला कापराचे मलम नको

नाकात सोडलेले तेल किंवा तूप घशातून फुप्फुसात उतरू शकते. ते तेथे विरघळत नाही आणि त्यातून उद्भवणारा न्यूमोनिया बराच काळ छळतो. कापूर, मेंथॉल किंवा निलगिरी असलेली मलमे २ वर्षांखाली वापरू नयेत. कापूर पोटात गेल्यास थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात, आणि बाळाची बोटे छातीवरून थेट तोंडात जातात. नाकाखालची त्वचा पुसून पुसून लाल झाली असेल तर बाहेरच्या बाजूने पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. मोठ्या भावंडासाठी आणलेले नेब्युलायझरचे औषधही बाळाला स्वतःहून देऊ नये.

घरातल्या ज्यांना सर्दी आहे त्यांनी बाळाचे मुके घेणे थांबवावे आणि प्रत्येकाने बाळाला घेण्यापूर्वी हात धुवावेत. हे सांगताना संकोच वाटतो, तरी सांगावे. डांग्या खोकला, हिब आणि न्यूमोकोकस (मेंदूज्वर व न्यूमोनिया घडवणारे जिवाणू) यांविरुद्धच्या लसी वेळेवर घ्याव्यात. सौम्य सर्दी असताना लस द्यावी की पुढे ढकलावी, हे मनाने न ठरवता लस देणाऱ्यांनाच विचारावे.

९. दिवस मोजा आणि नोंद ठेवा

साधी सर्दी २ ते ३ दिवस वाढत जाते, मग हळूहळू उतरते आणि १० ते १४ दिवसांत जाते. खोकला त्याहूनही थोडा रेंगाळतो. पहिल्या दोन वर्षांत वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे नेहमीचे आहे, त्यामुळे एक संपते न संपते तोच दुसरी सुरू झाली तरी बाळाची प्रतिकारशक्ती कमी आहे, असा निष्कर्ष काढू नये. काळजीचा आलेख वेगळा असतो: बाळ सुधारत असताना पुन्हा ताप येणे, ताप ३ दिवसांहून अधिक टिकणे, बाळ सतत कान ओढून रडणे, १४ दिवसांनंतरही नाक पूर्वीइतकेच वाहणे किंवा खोकला ३ आठवड्यांच्या पुढे जाणे. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर रांगणाऱ्या बाळाने आत काही घातले आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

वहीत रोज दूध किती वेळा गेले, लघवी किती वेळा झाली, ताप किती होता, झोपेतले श्वास किती आले आणि कोणते औषध किती वाजता दिले, एवढेच लिहावे. घरात दोघे-तिघे बाळाला सांभाळत असतील, तर औषधाची मात्रा दोनदा दिली जाऊ नये यासाठी ही वहीच उपयोगी पडते. डॉक्टरांकडे जाताना ती वही, लसीकरणाचे कार्ड आणि दिलेल्या प्रत्येक औषधाची बाटली सोबत न्यावी. खोकल्याची उबळ किंवा आत ओढली जाणारी छाती फोनवर मिनिटभर चित्रित करून ठेवावी, कारण रात्रभर घर डोक्यावर घेतलेले बाळ तपासणीच्या टेबलावर बहुधा डॉक्टरांकडे पाहून खुदकन हसते आणि मग आपले म्हणणे पटवून देणे अवघड होऊन बसते. मात्र वर दिलेले धोक्याचे लक्षण समोर दिसत असेल, तर चित्रीकरणात वेळ घालवू नये.